कावीळ दिसते दवाखान्यात, शिरते नळातून

प्रति,
मा. आयुक्त आणि सर्व लोकप्रतिनिधी,
इचलकरंजी महानगरपालिका, इचलकरंजी.



हे पत्र उन्हाळा तापायच्या आत आपल्या हाती पडावे अशी माझी इच्छा आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस ईचा, विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. बहुतेकांच्या बाबतीत पाच-सहा. मेच्या अखेरीला दवाखान्यासमोर गर्दी होते, तेव्हा त्या आजाराचे पाणी एप्रिलमध्येच पिऊन झालेले असते. ज्या गळतीतून घाण आत शिरली ती तोवर कुणी बुजवलेलीही असते, नाहीतर तशीच वाहत असते आणि पुढच्या महिन्याचे रुग्ण तयार करत असते. रुग्ण मोजून साथ आवरायला निघालेले शहर त्यामुळे नेहमीच महिनाभर मागे राहते. पुढे राहायचे असेल तर मोजायचे ते पाणी.

मी गावभागातला एक साधा डॉक्टर. मोठ्या योजना आखणे माझे काम नव्हे. पण ताप, जुलाब, कावीळ, खोकला ही सगळी मंडळी आधी आमच्याकडे येतात, आणि त्यांचे पत्ते लिहून घेता घेता या शहराचा एक नकाशा मनात तयार होतो. त्या नकाशाबद्दल बोलायचे आहे.

२०१२ च्या मे-जूनमध्ये आपण काय भोगले ते इचलकरंजीकरांना सांगायला नको. नदीची धार बारीक झालेली, आणि गल्लोगल्ली कावीळ. हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. साथ हिपॅटायटिस ईची होती. पुढे पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या उन्हाळ्यात गरोदर असलेल्या बायकांची भीती मला आजही आठवते, आणि ती भीती खरी होती. धडधाकट माणूस या काविळीतून बहुधा आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. एवढा फरक करणारे आजार फार थोडे आहेत. म्हणून या शहरातल्या पाण्याचा प्रश्न हा आधी गरोदर बाईच्या जिवाचा प्रश्न आहे असे मी मानतो.

असेच दिल्लीत १९५५ मध्ये घडले होते. नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकून वजिराबादच्या जलकेंद्रापर्यंत पोहोचले. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आले, त्यांनी क्लोरिन वाढवले, तुरटी वाढवली. टायफॉइड, हगवण हे नेहमीचे जिवाणूंचे आजार त्यामुळे फारसे उसळले नाहीत. सगळ्यांना वाटले, निभावले. पाच-सहा आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. ती नेहमीच्या विषाणूची नव्हती हे कळायला पुढे जवळपास पंचवीस वर्षे लागली. त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले तेव्हा नेहमीची हिपॅटायटिस ए नव्हे, हा वेगळाच आजार असल्याचे स्पष्ट झाले. आपल्यासाठी यात महत्त्वाचे हे, की पाणी आधीच गढूळ आणि मैलामिश्रित असेल तर नंतर ओतलेले क्लोरिन सगळे निस्तरू शकत नाही.

आता आपल्या गल्लीत या. इचलकरंजीत चावीला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते, आणि उन्हाळ्यात किंवा कृष्णेची जलवाहिनी फुटली की त्यातले अंतर आणखी वाढते. पाणी येत नाही त्या दिवसांत जमिनीखालचा पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात बाहेरचा दाब जास्त, आतला कमी. जिथे सांधा ढिला आहे, जिथे घरगुती जोडणीचा गंजलेला पाइप गटार ओलांडून गेला आहे, तिथे गटाराचे पाणी हळूहळू आत झिरपते. पाणी सुटते तेव्हा हे सगळे पुढे ढकलले जाते. बायका चावी उघडून पहिली दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू देतात, वास बघतात, रंग बघतात, मग घागर लावतात. त्यांना हे कुणी शिकवलेले नाही. पण विषाणूला वास नसतो, रंगही नसतो, आणि दहा मिनिटांनी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात तो असू शकतो.

त्यात मोटारी. पाण्याला जोर नाही म्हणून घरोघरी मोटार थेट नळाला जोडलेली. एकाने जोडली की शेजाऱ्याच्या चावीचे पाणी बंद होते, म्हणून तोही जोडतो. ती मोटार पाइपातले पाणी ओढते आणि त्याबरोबर गळतीच्या जागेतून गटारही ओढते. कितीतरी ठिकाणी नळाचा खड्डा आणि गटाराची कड यांच्यात एक वीतही अंतर नाही. नळाला तोटी नाही, खड्ड्यात सांडपाणी साचलेले, त्यातच मोटारीचा पाइप. हे दृश्य आपले अधिकारी रोज बघतात. कारवाईची मोहीम निघते, चार मोटारी जप्त होतात, पुन्हा पहिले पाढे. मोटार जोडणारा माणूस गुन्हेगार आहे असे मला वाटत नाही. दाबाने आणि वेळेवर पाणी आले तर ती मोटार तो स्वतःच काढून ठेवील, कारण विजेचे बिल त्यालाच भरायचे असते.

पाण्याच्या मूळ स्रोताबद्दल शहरात पुष्कळ बोलले जाते. मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी, दानोळीहून वारणेची योजना, सुळकूडहून दूधगंगेची योजना, त्यांना झालेला विरोध, मोर्चे, बैठका. ते बोलणे आवश्यकच आहे. साडेतीन लाखांच्या आसपासच्या या गावाला पुरेसे पाणी मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. तरीही एक गोष्ट या सगळ्या भांडणात मागे पडते. दूधगंगेचे अमृतासारखे पाणी उद्या टाकीत येऊन पडले, तरी टाकीपासून घरापर्यंतचा पाइप तोच राहणार आहे. गटार ओलांडणारी जोडणी तीच, रिकाम्या दिवसांचे झिरपणे तेच. नवी योजना यायला वर्षे लागतील. शेवटच्या शंभर मीटरचे काम याच वर्षी होऊ शकते.

काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे हे वेळापत्रक आपल्याला डेंगीही देते. ही गोष्ट मला दवाखान्यात बसूनच उमगली. चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर प्रत्येक घर साठवणार. पिंपे, बॅरल, सिमेंटच्या टाक्या, प्लॅस्टिकचे ड्रम. डेंगीचा डास याच स्वच्छ, सावलीतल्या पाण्यात वाढतो. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटवून ठेवतो, आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी वर चढले की आठ-दहा दिवसांत नवे डास. म्हणून आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण ज्या बाईला पुढचे पाणी मंगळवारी येईल, बुधवारी येईल की रात्री दोनला येईल हे माहीत नाही, ती अर्धे भरलेले पिंप ओतून का देईल? तिच्या जागी मी असतो तर मीही ओतले नसते.

यातून निघणारा उपाय साधा आहे. पाणी कोणत्या भागाला, कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे ठरवा आणि ते पाळा. मग आशाताईंना घरोघर एकच वाक्य सांगावे लागेल: पाणी यायच्या दिवशी, भरण्याआधी, पिंप आतून घासा. पाणी तसेही तळाशी आलेले असते. बायका घासतील, मी खात्रीने सांगतो. ठरलेल्या वेळेला सुटणारे पाणी ही डेंगीवरची सर्वांत स्वस्त फवारणी ठरेल.

धुराच्या गाडीबद्दल एक शब्द. साथ आली की नगरसेवकापासून नागरिकापर्यंत सगळे धूर मागतात, आणि आपले खाते तो देते. धुराने त्या क्षणी उडणारे काही डास मरतात. पिंपातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. धूर गल्लीत सगळ्यांना दिसतो आणि पाण्यातले क्लोरिन कुणालाच दिसत नाही, म्हणून खर्चाची दिशा चुकते. हा दोष एकट्या प्रशासनाचा नाही. आम्ही नागरिक जे मागतो तेच आम्हाला मिळते. लोकप्रतिनिधींनी तरी धुराऐवजी पिंपातल्या अळ्या मोजायला सांगावे.

डेंगीचा हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. इतर शहरांत दिवसा माणसे कामावर असतात. आपल्याकडे हजारो माणसे रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि भर दिवसा झोपतात. कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, शेजारी भरलेले पिंप, अंगावर मच्छरदाणी नाही. मच्छरदाणी रात्रीची वस्तू असे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे. यंत्रमागाच्या गावात ती दिवसाही लागते, हे आपल्या प्रत्येक जाहिरातीत लिहायला हवे.

आणि मागाचा विषय निघालाच आहे तर क्षयाबद्दल बोलतो, कारण त्यावर या शहरात फार कमी बोलले जाते.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर झालो. ते अभिमानाने सांगताना खऱ्या मँचेस्टरच्या परिसरातली, लँकेशायरमधली, एक गोष्टही माहीत असावी. तिथल्या गिरण्यांत धोट्यातली सुताची कांडी बदलली की विणकर त्या धोट्याच्या बारीक छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढायचा, म्हणजे सुताचे टोक बाहेर यायचे. दिवसातून शेकडो वेळा, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडी. क्षय आणि इतर रोग यातून पसरत असावेत अशी भीती डॉक्टरांना वाटू लागली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच हा प्रकार कायद्याने बंद केला. लँकेशायरमध्ये मात्र तो पुढेही अनेक दशके, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, चालू राहिला. हाताने सूत ओवता येईल असा धोटा उपलब्ध असूनही तो बदलायला मालक तयार नव्हते, आणि सवयीमुळे विणकरांनाही जुनाच बरा वाटायचा. विणकराला “तोंड लावू नका” असे सांगून प्रश्न सुटला नाही. धोटा बदलला तेव्हा सुटला.

आपल्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, आज तो प्रकार नाही. पण सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, त्यासाठी खिडक्या बंद ठेवायच्या, हे आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत. कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे एका खोलीत दाटीने राहतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला झोपतो. क्षयाचा जंतू ताटातून, कपड्यातून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो आणि बंद जागेत तासन्‌तास तरंगतो. त्याला याहून सोयीची जागा दुसरी कुठली मिळणार? आणि निदान उशिरा होते त्याचे एक कारण खास आपले आहे. खात्यातल्या प्रत्येकाला खोकला असतोच. “सुताच्या धुळीनं येतोय, डॉक्टर,” असे म्हणून माणूस कफाची बाटली घेऊन जातो. दोन आठवड्यांहून जुना खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, हा नियम यंत्रमागाच्या गावात इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त कडक हवा. तपासणी फुकट, औषधे फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी महिना एक हजार रुपये जमा होतात. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना होणारा धोका खूप कमी होतो. एवढे सगळे उपलब्ध आहे. पण तपासणीसाठी पाळी बुडवावी लागते, आणि पाळी बुडाली की मजुरी बुडते. म्हणून तपासणी पथक पाळी बदलताना, सकाळी सात-आठला, कारखान्यांच्या वस्तीतच उभे राहिले पाहिजे. यंत्रमागधारकांच्या संघटनांना आपण बोलावले तर त्या नाही म्हणणार नाहीत. खात्याच्या छताजवळ हवा बाहेर काढणारा पंखा बसवायला सांगा. सुताला त्याचा त्रास होऊ न देता तो बसवता येतो.

नदीबद्दल मात्र थोडे कठोर लिहावे लागेल, आणि ते आपल्या स्वतःबद्दल आहे. कोल्हापूरच्या जयंती नाल्याचे सांडपाणी पंचगंगेतून आपल्या उशाशी येते, ही आपली तक्रार रास्त आहे. पण आपला काळा ओढा कुठे जातो? सायझिंग-प्रोसेस कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी घेऊन तो त्याच नदीला मिळतो, आणि ते पाणी शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाडकडे आणि पुढे नृसिंहवाडीच्या संगमाकडे जाते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचे खच आपण वर्तमानपत्रांत बघितले आहेत. खालच्या गावातली बाईही आपल्यासारखीच पाण्याचा रंग बघून घागर लावते. वरच्या शहराकडून शुद्ध पाण्याची अपेक्षा करायची असेल, तर खालच्या गावाला तसे पाणी देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. दूधगंगेच्या योजनेला विरोध करणाऱ्या कागलकरांशी बोलायला जाल तेव्हाही, आपले सांडपाणी आपण पूर्ण शुद्ध करतो असे सांगता आले तर आपला शब्द जड होईल.

माझ्या नागरिक बंधू-भगिनींनाही याच पत्रात सांगतो. पाणी खळखळून उकळून प्या. विषाणू उकळण्याने नक्की मरतो, तुरटीने नुसता गाळ बसतो. नळाला तोटी बसवा. घरात कुणाला कावीळ झाली तर माळ घालणे, नाकात थेंब सोडणे, डाग देणे यात आठवडा घालवू नका. बरेच जण त्यानंतर बरे होतात, कारण हा आजार बहुतेकांचा आपोआपच बरा होतो. पण ज्यांचा होत नाही त्यांचे मोलाचे दिवस त्यात जातात. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी तिला शहरातल्या आयजीएम रुग्णालयात न्या. झोप जास्त येते, बोलताना गोंधळ होतो, उलट्या थांबत नाहीत, यातले काहीही दिसले तर रात्र उलटू देऊ नका.

मात्र उकळून पिण्याचा सल्ला हा महापालिकेचे उत्तर होऊ शकत नाही. गॅस महाग आहे, खोलीत एकच शेगडी आहे, आणि कांडी भरायला सकाळी बाहेर पडणाऱ्या बाईला दहा माणसांचे पाणी उकळायला वेळ नाही. तिला सांगत राहणे म्हणजे लँकेशायरच्या मालकांसारखे जुना धोटा तिच्या हाती ठेवून उपदेश करणे.

आयुक्त साहेब, आपल्याकडे माझे मागणे थोडे आहे. प्रत्येक भागाला पाणी सुटेल त्या दिवशी जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या घराच्या नळाचे क्लोरिन तपासा. टाकीजवळचे नको, शेवटच्या घराचे. प्रतिलीटर ०.२ मिलिग्रॅम तरी तिथे उरले पाहिजे. ओ.टी. चाचणीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते की नाही एवढेच बघायचे असते, आणि ते पाणी सोडणारा कर्मचारीही करू शकतो. जिथे पिवळे होत नाही, त्या रेषेवर वर कुठेतरी गटार आत येत असू शकते. तीच रेषा आधी तपासा. ही नोंद फायलीत ठेवू नका. त्या त्या भागातल्या चौकात, मलाबादे चौकात, जनता चौकात, फळ्यावर लिहा: तारीख, वेळ, शेवटच्या घरात क्लोरिन आहे किंवा नाही. आम्हा खासगी डॉक्टरांकडून कावीळ, जुलाब आणि डेंगीच्या रुग्णांच्या गल्लीचे नाव दर आठवड्याला मागून घ्या, आम्ही देऊ. आणि ती नावे पाणी सोडण्याच्या नकाशावर ठेवून बघा. आशाताईंच्या वहीत प्रत्येक गरोदर बाईची नोंद आधीच आहे. मार्च ते जून या चार महिन्यांत त्या घरांना शुद्ध पाण्याचे कॅन महापालिकेने पोहोचवावेत. गटार ओलांडणाऱ्या जोडण्या बदलण्याचा खर्च गरीब घरांवर टाकू नये.

इचलकरंजीला १८९३ मध्ये नगरपालिका मिळाली, २०२२ मध्ये महानगरपालिका. दर्जा वाढला की अपेक्षा वाढतात, आणि त्या वाढल्याच पाहिजेत. नव्या योजनांना मंजुरी लागते, निधी लागतो, शेजारच्या तालुक्यांची संमती लागते. त्यासाठी आपण प्रयत्न करा, आम्ही पाठीशी आहोत. चौकातल्या फळ्याला मात्र यातले काहीच लागत नाही. येत्या सोमवारी पाणी सुटेल त्या भागापासून तो सुरू करा.

आपला विश्वासू,
गावभागातील एक डॉक्टर